आमचे तारमास्तर

मनुष्य निवर्तला म्हणजे ती वार्ता सांगण्याचे आपल्या भाषेंत किती तरी प्रकार आहेत. कोणी कैलासवासी होतो, कोणी वैकुंठवासी. संन्यासी ब्रह्मीभूत होतो, आणि तुमच्या-आमच्यासारखा संसारी जीव देवाघरीं जातो. २०२५ सालच्या माघांत आमच्या आळींतील एक वृद्ध सद्गृहस्थ वारले, त्यांच्याविषयीं मात्र त्यांच्या दूरदूरच्या स्नेह्यांनीं एक निराळाच शब्द योजिला. 'त्यांची कळ मूक झाली,' असें ते म्हणाले. हौशीनें बिनतारी यंत्र चालविणाऱ्या लोकांचा, ज्यांना सर्व जगांत 'हॅम' या चमत्कारिक नांवानें ओळखतात त्यांचा, हा जुना परिपाठ आहे. त्यांच्यापैकीं कोणी वारला म्हणजे त्याच्या नांवापुढें 'सायलेंट की', म्हणजे मूक कळ, असें लिहितात. ऐकणाराला हा शब्द थोडा रुक्ष वाटेल. परंतु ज्यानें त्या गृहस्थांना जवळून पाहिलें, त्यास याहून यथार्थ शब्द सांपडावयाचा नाहीं. तें कसें, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

त्यांचें नांव मी येथें देत नाहीं. प्रसिद्धीचा त्यांना मनापासून तिटकारा असे. आळींतील लहानथोर त्यांना अण्णा म्हणत, आणि गांव त्यांना तारमास्तर म्हणून ओळखीत असे. १९६८ सालीं ते तारखात्यांत लागले व २००८ सालीं निवृत्त झाले. त्या चाळीस वर्षांपैकीं बहुतेक काळ त्यांनीं कृष्णाकांठच्या आमच्या या लहानशा गांवींच काढला. मी त्यांच्याहून दहा वर्षांनीं लहान. जुन्या अकरावीची परीक्षा उतरून, एका वृद्ध शास्त्रीबोवांच्या पायांशीं बसून थोडें व्याकरण व थोडें छंदःशास्त्र पदरीं पाडून, १९८१ सालीं मी येथील शाळेंत संस्कृत शिकवूं लागलों. त्यांचें घर आणि माझें घर यांच्यामध्यें एक अरुंद बोळ काय तो होता.

आमचा स्नेह जडला तो एका अशुभ तारेमुळें. १९८२ च्या आषाढांतील गोष्ट. रात्रीं नऊचा सुमार होता, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि दारावर थाप पडली. उघडून पाहतों तों तारमास्तर छत्री मिटून उभे. तार वांटण्याचें काम शिपायाचें. मास्तर स्वतः आले यावरूनच मीं काय तें ओळखलें. "गुरुजी, आधीं आंत चला, बसा," एवढें म्हणून त्यांनीं माझ्या वडिलांच्या मरणाचा कागद माझ्या हातीं दिला. माझें बिऱ्हाड तेव्हां एकट्याचें होतें, आणि पहांटेच्या पहिल्या गाडीशिवाय गांव सोडण्याचा मार्ग नव्हता. अण्णा घरीं गेले नाहींत. त्यांनीं सांत्वनाचा एकही शब्द उच्चारला नाहीं. माझ्या वडिलांनीं मला प्रथम काय शिकविलें, ते पूजेस कोणतीं फुलें आणीत, त्यांना कोणती भाजी आवडे, असें कांहीं तरी ते रात्रभर विचारीत राहिले. मी सांगत राहिलों. पुढें पुष्कळ दिवसांनीं त्या रात्रीविषयीं बोलणें निघालें, तेव्हां ते म्हणाले, "शिपायाला पाठवितां आलें असतें. पण ती बातमी गांवांत प्रथम माझ्या कानांनीं ऐकली होती. ती ऐकून घरीं जाऊन जेवावें, हें मला बरें वाटेना."

तारमास्तरांच्या धंद्याचें मर्म या वाक्यांत आहे. लोकांचें मरण, लोकांची बदली, परीक्षेंतील यशापयश, हें सारें त्यांना त्या लोकांच्याही आधीं कळे. आणि तें कळलें असें तोंडावर दिसूं देण्याची मात्र त्यांना मुभा नव्हती. शिवाय तेथें प्रत्येक शब्दास पैसे पडत. गरीब मनुष्य अर्ज लिहावा तशी तार लिहून आणी, आणि अण्णा खिडकींतून हात बाहेर काढून, "हा शब्द नको, हाही नको," असें म्हणत त्याचे चार आठ आणे वांचवीत. "दिवसभर मी लोकांचे शब्द कापतों," ते म्हणत, "म्हणून रात्रीं मला जेथें शब्दास दाम पडत नाहीं अशा ठिकाणीं जाऊन बसावेंसें वाटतें." तें ठिकाण म्हणजे त्यांच्या माडीवरील सहा फूट लांबीची एक खोली व तींतील बिनतारी यंत्र.

वाचकांपैकीं पुष्कळांस हा खटाटोप काय असतो याची कल्पना नसेल. आकाशवाणीवर एक बोलतो व लाखों ऐकतात. येथें दोघेही बोलतात व दोघेही ऐकतात. त्यासाठीं सरकारची परीक्षा द्यावी लागते. विजेचें व बिनतारीचें शास्त्र, नियमांचें ज्ञान, आणि मोर्सची लिपि हीं तिचीं अंगें. १९७८ च्या नियमांप्रमाणें दुय्यम श्रेणीस मिनिटास पांच शब्द व प्रथम श्रेणीस बारा शब्द घेतां यावे लागत. अण्णांचा हात पंचवीस शब्दांचा होता. तरीसुद्धां त्यांना कान नव्यानें घडवावा लागला. कारण तारकचेरींतील यंत्रास सूर नसे. तेथें नुसती खट्खट् ऐकूं येई, आणि दोन खटक्यांमधील अंतरावरून अक्षर ओळखावें लागे. बिनतारींत तीच लिपि बारीक शिटीच्या सुरानें येते. पोलिसांची चौकशी वगैरे सर्व सोपस्कार उरकून १९८० मध्यें त्यांना परवाना मिळाला, आणि भारताच्या 'व्हीयू' या अक्षरांनीं आरंभ होणारें एक संकेतनाम त्यांच्या वांट्यास आलें. व्यापार, राजकारण व धर्मविवाद हे विषय तेथें वर्ज्य; पैसा घेणें तर सर्वथैव निषिद्ध. उरतें काय? तुमचा आवाज मला कसा येतो, तुमच्याकडे पाऊस आहे कीं नाहीं, तुमची प्रकृति कशी आहे. एवढ्या तीन गोष्टींवर त्यांनीं जन्मभराचे स्नेह जोडले.

परदेशी यंत्रांवरील जकात १९८४ मध्यें माफ झाली, तरी अण्णांना तीं परवडण्याजोगीं नव्हतीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून त्यांनीं आपलें यंत्र स्वतःच बांधलें. त्याची शक्ति दहा वॅटची होती. आमच्या देवघरांतील 'झीरो'चा म्हणून जो दिवा असे, तोही पंधरा वॅट खात असे. घराच्या आढ्यापासून परसांतील माडापर्यंत त्यांनीं एक तार ताणली होती. चाळीस मीटर लांबीच्या लहरीला तिच्या निम्मी, म्हणजे सुमारें वीस मीटर, तार लागते. या तारेनें वीज आपल्यावर ओढवेल असें शेजारच्या आजींना वाटे. कावळ्यांना मात्र ती फार आवडे.

एवढ्याशा दिव्याच्या बळानें हांक सातासमुद्रांपार कशी जाते, हें अण्णांनीं मला एका चैत्रांत गच्चीवर निजून समजावून दिलें. पृथ्वीपासून सुमारें शंभर ते चारशें किलोमीटर उंचीवर सूर्याच्या प्रखर किरणांनीं हवेच्या कणांस विद्युद्भार चढतो व तेथें थर बनतात. आपली हांक त्या थरांवर आदळून, चेंडू छतास लागून यावा तशी, दूरच्या भूमीवर उतरते. दिवसा सर्वांत खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला म्हणजे तो विरतो, आणि मग दूरचे देश ऐकूं येऊं लागतात. कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांनीं या वरच्या वातावरणाचा आयुष्यभर अभ्यास करून १९४७ सालीं त्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, हेंही मला त्यांच्याकडूनच कळलें. सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांच्या आवर्तनानें वाढतात व ओसरतात. ते वाढले म्हणजे हे थर बळावतात आणि क्षीण हांकही दूर जाते. १९८०, १९९०, २०००, २०१४ आणि २०२४ या सुमारास आलेल्या पांचही भरत्या अण्णांनीं पाहिल्या. सहस्रचंद्रदर्शन होण्यास त्यांस कांहीं वर्षें कमी पडलीं खरीं. परंतु सूर्याचें दर्शन त्यांनीं असें हिशेबानें घेतलें होतें.

मी मोर्सची लिपि शिकलों ती परीक्षेकरितां नव्हे. अण्णांच्या माडीवर नुसतें बसून राहणें कंटाळवाणें होई म्हणून. शिकूं लागल्यावर मला वाटूं लागलें कीं ही विद्या आपल्या घरचीच आहे. तींत एक ऱ्हस्व ध्वनि व एक दीर्घ ध्वनि, म्हणजे आमचे लघु आणि गुरु. एका ध्वनीचीं दोन रूपें, दोहोंचीं चार, तिहींचीं आठ व चोहोंचीं सोळा, हा पिंगलाचार्यांचा प्रस्तारच होय. बेरीज तीस होते. इंग्रजी अक्षरें सव्वीस, म्हणून चार रूपें उरतात, तीं युरोपांतील इतर भाषांच्या विशेष वर्णांना दिलेलीं आहेत. तीन ध्वनींचीं जीं आठ रूपें, ते आमचे अष्टगण. यगण म्हणजे 'डब्ल्यू', मगण म्हणजे 'ओ', तगण 'जी', रगण 'के', जगण 'आर्', भगण 'डी', नगण 'एस्' आणि सगण 'यू'. एकही गण रिकामा नाहीं. अक्षरें पाठ करण्यास इतरांना कित्येक आठवडे लागतात. मला हीं आठ अक्षरें एका संध्याकाळींच आलीं, कारण तीं मला आधींच येत होतीं.

फरक एवढाच, कीं आमचा गुरु दोन मात्रांचा, आणि मोर्सचा दीर्घ ध्वनि तीन मात्रांचा. पाणिनीय शिक्षेंत मात्रांचें माप पक्ष्यांच्या आवाजावरून सांगितलें आहे. चाष, म्हणजे आपला नीलपंख, एक मात्रा बोलतो, कावळा दोन, आणि मोर तीन. हें ऐकल्यापासून अण्णा ऱ्हस्व ध्वनीस चाष व दीर्घास मोर म्हणूं लागले. "आमच्या कचेरींत कावळ्याला प्रवेश नाहीं," असें ते हंसून सांगत.

एके दिवशीं मी त्यांना म्हटलें, "अण्णा, समुद्रांत बुडणारें जहाज जी हांक मारतें ती आमच्या गणांत लिहून पाहा." एस्, ओ, एस्. ही हांक १९०६ च्या बर्लिनच्या परिषदेंत ठरली व १९०८ पासून अमलांत आली. तिचा अर्थ कांहींच नाहीं. ओळखण्यास सोपी म्हणून ती निवडली, आणि आत्म्यांच्या रक्षणाचा वगैरे जो अर्थ लोक सांगतात तो मागाहून चिकटविलेला. अण्णांनीं कागदावर लिहिलें : नगण, मगण, नगण. न, म, न. ते कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. योगायोगापलीकडे यांत कांहीं नाहीं, हें त्यांनाही ठाऊक होतें व मलाही. तरी पण बुडणाऱ्याची हांक आणि नमस्कार यांचें रूप एकच व्हावें, ही गोष्ट त्यांच्या मनांतून पुढें कधीं गेली नाहीं.

या हौसेचा खरा कस लागला तो किल्लारीस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, अनंतचतुर्दशीचें विसर्जन करून लोक निजले असतां, लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारें दहा हजार माणसें दगडमातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. जेथें विजेचे व टेलिफोनचे खांबच आडवे झाले होते, तेथें निरनिराळ्या गांवांहून हौशी बिनतारी मंडळी आपापलीं यंत्रें घेऊन पोहोंचली. अण्णा रजा टाकून गेले. मोटारीची बॅटरी, बाभळीवर टांगलेली तार, व गुडघ्यावर वही. कोठें कोणतें औषध हवें, कोठें तंबू हवेत, कोण सांपडलें, कोण नाहीं, हीच त्यांची अहोरात्र बडबड. परत आल्यावर ते त्याविषयीं फारसें बोलत नसत. एकच गोष्ट त्यांनीं सांगितली. एक म्हातारी त्यांच्यापाशीं येऊन बसली. तिचा मुलगा दूर फौजेंत होता. त्याला काय कळवूं, असें अण्णांनीं विचारलें, तेव्हां ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मी आहें म्हणावं." अण्णा मला म्हणाले, "गुरुजी, पंचवीस वर्षें मी लोकांच्या तारांतले शब्द कापीत आलों. या तारेंतून कापण्याजोगें कांहींच नव्हतें."

पुढें काळ पालटला. २००३ सालीं जिनिव्हा येथील जागतिक परिषदेनें हौशी परवान्यासाठीं मोर्सची सक्ति काढून टाकली. आपल्याकडेही नवीन नियमांत खालच्या श्रेणीस ती उरली नाहीं. १४ जुलै २०१३ ची रात्र ही तारखात्याची शेवटची रात्र ठरली. त्या दिवशीं अण्णा मुद्दाम पुण्यास गेले, रांगेंत उभे राहिले, आणि वहिनींना तार केली : 'सुखरूप. रात्रीं घरीं येतों.' तेथें कळ नव्हतीच. एका मुलीनें संगणकावर अक्षरें दाबलीं. अण्णा त्याच रात्रीं परतले आणि तार मागाहून आली. वहिनींनीं ती वाचून दाखविली आणि म्हणाल्या, "जन्मभर तारा पाठविल्या, मला आलेली ही पहिली. आणि तीही शिळी!" परंतु तो कागद त्यांनीं देव्हाऱ्याच्या खणांत जपून ठेविला आहे.

वहिनींविषयीं येथें लिहिलेंच पाहिजे. या माऊलीनें अण्णांच्या छंदाचा चाळीस वर्षें उघड राग केला. रात्रीं माडीवरून शिटी ऐकूं येऊं लागली कीं, "झाली यांची रातकिड्यांशीं बोलणीं सुरू," असें त्या म्हणत. स्वयंपाकघरांत हाक मारली तर माडीवर ऐकूं जात नसे, आणि अमेरिकेंत कोणी खोकला तर तें यांना ऐकूं येई, ही त्यांची तक्रार अगदीं न्याय्य होती.

२०१९ सालीं अण्णांच्या घशांत गांठ निघाली. शस्त्रक्रियेंत स्वरयंत्र काढावें लागलें. प्राण वांचला, वाणी गेली. शस्त्रक्रियेनंतर घशाच्या आधारानें बोलण्याचे कांहीं उपाय असतात, ते त्यांनीं करून पाहिले, पण त्यांच्या प्रकृतीला ते साधले नाहींत. पाटी आली, वही आली. परंतु पाटी ही समोरासमोरची वस्तु आहे. नवरा-बायकोचें निम्में बोलणें एका खोलींतून दुसऱ्या खोलींत होत असतें. तें पाटीवर कसें व्हावें? शिवाय वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरलेला. ज्या घरांत पन्नास वर्षें दिवसभर कांहीं ना कांहीं शब्द वाजत होता, तें घर एकाएकीं निःशब्द झालें. अण्णा कोपिष्ट झाले. मनांत आलेलें वाक्य लिहून होईपर्यंत त्याची चव जाते, असें त्यांनीं एकदां पाटीवर लिहून मला दाखविलें. वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून भाजी चिरीत असत, आणि त्यांच्या पाठीकडे पाहत अण्णा नुसते बसून असत. तें पाहणें कठीण होतें.

माडीवर मात्र निराळें होतें. तेथें ते रोज रात्रीं कळ हातीं घेऊन बसत, आणि देशोदेशींच्या मित्रांशीं पूर्वींच्याच वेगानें बोलत. कळीला कंठ लागत नाहीं. त्यांचा आवाज गेला आहे हें कित्येकांना ठाऊकही नव्हतें; तेथें त्यांना कोणी मुका म्हणून ओळखीत नसे. जगाशीं बोलतां येत होतें. घरांतल्या माणसाशीं येत नव्हतें.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी सुरू झाली. जाणेंयेणें बंद पडलें. माझी खिडकी व त्यांची खिडकी समोरासमोर; मध्यें बोळ. अण्णांजवळ सराव करण्याचें एक लहानसें यंत्र होतें, ज्यांतून लहरी बाहेर पडत नाहींत, नुसती शिटी वाजते. तें त्यांनीं खिडकींत ठेविलें आणि कळीनें माझ्याशीं बोलूं लागले. भाषा मराठी, अक्षरें इंग्रजी. मी तोंडानें उत्तर देई. वहिनींना एकच बाजू ऐकूं येई, माझी. मी हंसलों कीं त्या विचारीत, "काय म्हणाले?" चार-पांच दिवसांनीं त्या खिडकींत येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या नवऱ्याचें बोलणें मला परक्याकडून ऐकावें लागतें. हें मला शिकवा." त्या वेळीं त्यांचें वय अडुसष्ट होतें.

मी बोळापलीकडून शिकवूं लागलों. वहिनींना गण येत नव्हते, पण भजनी मंडळांत तीस वर्षें झांज वाजविलेली. ठेका त्यांच्या हातांत होता. एक अक्षर म्हणजे झांजेचा एक बोल, असें ठरवून त्यांनीं अक्षरें बसविलीं. अक्षरें तीन आठवड्यांत झालीं; शब्द कानांनीं जुळविण्यास आषाढ उजाडला. पंचवीस शब्दांचा हात अण्णांनीं पांच शब्दांवर आणला; कसलेल्या गवयानें नवशिक्यासाठीं विलंबित गावें तसा. एके दिवशीं दुपारीं मीं माझ्या खिडकींतून ऐकलें. शिटी संथपणें वाजली : सी, एच्, ए, एच्, ए. क्षणभर कांहींच झालें नाहीं. मग स्वयंपाकघरांतून वहिनींचा आवाज आला, "आत्तां तर घेतलात ना!" अण्णांनीं पुन्हां तेंच वाजविलें, थोडें जोरानें. त्या घरांत आठ महिन्यांनीं भांडण झालें. मी खिडकी लावून घेतली.

त्यानंतरचीं साडेचार वर्षें तीं दोघें असें बोलत होतीं. अण्णांचा राग ओसरला. वहिनींचा वेग आठ शब्दांपर्यंत गेला, आणि "आतां परीक्षा द्या," असें अण्णा त्यांना चिडवीत. ते गेले ती रात्र गारठ्याची होती. त्यांचें शेवटचें बोलणें काय, असें लोक वहिनींना विचारतात, कांहीं तरी थोर असेल या अपेक्षेनें. तें 'दार लाव' असें होतें. वारा आंत येत होता. वहिनींनीं दार लावलें आणि त्या निजल्या. पहांटे पाहतात तों सारें शांत.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं, अण्णांनींच मला बांधून दिलेला नुसता ऐकण्याचा संच लावून मी बसलों. दक्षिणेकडील त्यांच्या एका जुन्या मित्रानें चाळीस मीटरच्या पट्ट्यावर अण्णांचें संकेतनाम तीनदां वाजविलें आणि प्रत्येक वेळीं उत्तरासाठीं थांबला. मग त्यानें संभाषणाच्या समाप्तीची खूण वाजविली. ती खूण म्हणजे 'एस्' व 'के' हीं अक्षरें मध्यें न थांबतां एकत्र. 'सायलेंट की'चीं आद्याक्षरेंही तींच. माझ्या कानांना तीं गणांतच ऐकूं येतात : नगण आणि रगण. नर. वहिनी माझ्या शेजारीं बसल्या होत्या. त्यांनीं खूण ओळखली, आणि "संपलं," एवढेंच म्हणाल्या.

मागें उरलेल्या वस्तूंची व्यवस्था लावणें प्राप्त होतें. परवान्यावाचून प्रक्षेपक यंत्र घरांत बाळगूं नये, हा १९३३ च्या कायद्यापासूनचा दंडक २०२३ च्या नव्या कायद्यांतही कायम आहे. म्हणून तें यंत्र रीतसर एका परवानाधारक तरुणास दिलें. हे लोक प्रत्येक नव्या संभाषणाची पोंच म्हणून एकमेकांस टपालानें एक कार्ड पाठवितात. अण्णांच्या पेटींत अशीं सहा हजारांवर कार्डें निघालीं. ज्यांनीं तीं पाठविलीं त्यांपैकीं कित्येकांच्या नांवांपुढें अण्णांनीं पेन्सिलीनें त्याच दोन अक्षरांची खूण केलेली आहे. परदेशीं असलेल्या चिरंजीवांचा विचार पेटी रद्दींत द्यावी असा होता. वहिनींनीं ती माझ्याकडे ठेवावयास दिली. देशवार लावण्याचें काम चाललें आहे.

कळ मात्र त्यांनीं कोणासही दिली नाहीं. तिला परवाना लागत नाहीं, सरावाच्या शिटीलाही लागत नाहीं. संध्याकाळीं दिवेलागण झाली कीं त्यांच्या खिडकींतून कधीं कधीं ती वाजते, फार सावकाश. कधीं विरजण मागतात, कधीं माझ्या पत्नीची प्रकृति विचारतात. परवां वाजली तेव्हां मी कार्डें लावीत बसलों होतों. पत्नीनें विचारलें, "काय म्हणतात हो त्या?" मीं ऐकून सांगितलें, "विशेष कांहीं नाहीं. पाऊस येईलसें दिसतें, वाळवण आंत घ्या, म्हणतात."